उतारवयातील गोळ्यांचा हिशेब

(नभोवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)

साठी-सत्तरी ओलांडलेली माणसे ज्या घरात आहेत, त्या घरात औषधांचा एक डबा असतोच. कुठे तो मिठाईचा रिकामा डबा असतो, कुठे प्लास्टिकची परडी, तर कुठे खुंटीला अडकवलेली कापडी पिशवी. तो उघडून पाहा. ब्लडप्रेशरच्या दोन गोळ्या, शुगरच्या दोन, कोलेस्टेरॉलची एक, रक्त पातळ करणारी एक, लघवी साफ होण्याची एक, सकाळी उपाशीपोटी घ्यायची ॲसिडिटीची एक, गुडघ्यांसाठी एक आणि रात्री झोप लागावी म्हणून एक. शिवाय कॅल्शियम आणि शेजारच्या काकूंनी सुचवलेले एखादे चूर्ण. दिवसाकाठी दहा-बारा गोळ्या सहज होतात.

यातली प्रत्येक गोळी कोणत्या ना कोणत्या डॉक्टरांनी काही कारणाने दिलेली असते. हृदयाच्या डॉक्टरांनी दोन, मधुमेहाच्या डॉक्टरांनी तीन, हाडांच्या डॉक्टरांनी एक, अशी ती साठत जातात. पण हा सगळा डबा एकत्र, एका नजरेखालून कोणी घातला आहे का? आणि पाच वर्षांपूर्वी सुरू केलेली गोळी आजच्या वयात, आजच्या मूत्रपिंडांना, आजच्या वजनाला मानवते का, हे कोणी तपासले आहे का? बहुतेक घरांत या दोन्ही प्रश्नांचे उत्तर 'नाही' असेच येते. आज त्याविषयीच बोलायचे आहे.

एक गोष्ट आधीच बजावून ठेवतो. हे ऐकून किंवा वाचून कोणीही आपली एकही गोळी स्वतःच्या मनाने बंद करू नये. हृदयविकाराची काही औषधे अचानक थांबवली तर जिवावर बेतू शकते. गोळ्या कमी करायच्या असतात त्या डॉक्टरांच्या सल्ल्याने, एकेक करून आणि बऱ्याचदा हळूहळू.

अयोग्य औषध म्हणजे काय?

'अयोग्य' म्हटले की आपल्याला बनावट किंवा मुदत संपलेले औषध आठवते. इथे तो अर्थ नाही. औषध अस्सल असते, कंपनी चांगली असते, आजारही खरा असतो. पण त्या वयाच्या आणि त्या प्रकृतीच्या माणसाला त्या औषधापासून होणारा फायदा थोडा आणि धोका मोठा असतो. अशा औषधाला वृद्धांच्या वैद्यकात अयोग्य म्हणतात. जरुरीपेक्षा जास्त डोस, एकमेकांशी न जुळणारी दोन औषधे, काम संपल्यावरही चालू राहिलेले औषध, हे सगळे त्यात येते. आणि खरोखर गरज असलेले औषध केवळ 'आता वय झाले' म्हणून न देणे, हेही त्यातच येते.

या विषयाला शिस्त लावण्याचे काम अमेरिकेत मार्क बीअर्स या वृद्धरोगतज्ज्ञाने सुरू केले. वृद्धाश्रमातील रुग्णांना शक्यतो कोणती औषधे देऊ नयेत, याची यादी त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९१ मध्ये प्रसिद्ध केली. ती आजही 'बीअर्स यादी' म्हणून ओळखली जाते आणि अमेरिकेतील वृद्धरोगतज्ज्ञांची संघटना ती वेळोवेळी सुधारते. २०२३ मध्येही ती नव्याने निघाली. आयर्लंडमधील डॉक्टरांनी २००८ मध्ये 'स्टॉप' आणि 'स्टार्ट' अशी जोडयादी आणली. काय थांबवायचे आणि काय सुरू करायचे राहून गेले आहे, अशा दोन्ही बाजू त्यात पाहिल्या जातात. २०१७ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने औषधांमुळे होणारी इजा टाळण्याची मोहीम सुरू केली. एकाच माणसाला अनेक औषधे चालू असणे हा त्या मोहिमेतील तीन मुख्य विषयांपैकी एक आहे.

रिपोर्ट नॉर्मल, तरी मूत्रपिंड निम्मे

वय वाढले की शरीर औषधाला वेगळ्या रीतीने वागवते. स्नायू कमी होतात, शरीरातले पाणी कमी होते, चरबीचे प्रमाण वाढते. यकृताचे काम मंदावते. उभे राहताना रक्तदाब सांभाळणारी यंत्रणा सुस्त होते. पण सर्वांत महत्त्वाचा बदल मूत्रपिंडांत होतो. कितीतरी औषधे शरीराबाहेर टाकण्याचे काम मूत्रपिंडे करतात. ती मंदावली की रोजचाच डोस अंगात साचू लागतो.

यात एक फसगत होते. मूत्रपिंडांसाठी आपण रक्तातले क्रिएटिनिन तपासतो. समजा ते १.२ आले. बऱ्याच लॅबच्या रिपोर्टवर हा आकडा नॉर्मल किंवा अगदी काठावर दिसतो आणि घरचे निश्चिंत होतात. पण क्रिएटिनिन स्नायूंतून तयार होते. म्हातारपणी स्नायूच कमी झालेले असतात, म्हणून मूत्रपिंडे थकली तरी आकडा फारसा वाढत नाही. १९७६ मध्ये कॉकक्रॉफ्ट आणि गॉल्ट या दोघांनी वय, वजन आणि क्रिएटिनिन यांवरून मूत्रपिंडांची खरी क्षमता काढण्याचे सूत्र दिले. त्या सूत्राने हिशेब केला तर चाळीस वर्षांच्या, ७० किलो वजनाच्या पुरुषात १.२ क्रिएटिनिन असताना ही क्षमता मिनिटाला सुमारे ८१ मिलिलिटर येते. ऐंशी वर्षांच्या, ५० किलो वजनाच्या आजींमध्ये त्याच १.२ ला ती जेमतेम ३० भरते. रिपोर्टवरचा आकडा एकच, पण आजींची मूत्रपिंडे निम्म्याहूनही कमी काम करत असतात.

याचा परिणाम काय होतो, हे डिगॉक्सिनच्या उदाहरणाने सांगतो. फॉक्सग्लोव्ह नावाच्या वनस्पतीच्या पानांचा हृदयविकारात उपयोग होतो, हे विल्यम विदरिंग या इंग्रज डॉक्टरने १७८५ मध्ये पुस्तक लिहून जगाला सांगितले. त्याच घराण्यातले हे औषध. हृदय थकलेल्या किंवा नाडी अनियमित झालेल्या काही रुग्णांना ते आजही उपयोगी पडते. पण त्याचा योग्य डोस आणि विषारी डोस यांत अंतर फार थोडे असते, आणि ते मूत्रपिंडांवाटे बाहेर जाते. बीअर्स यादीप्रमाणे वृद्धांना दिवसाला ०.१२५ मिलिग्रॅमपेक्षा जास्त देऊ नये. आपल्याकडे ०.२५ ची गोळी सर्रास मिळते. म्हणून कित्येक डॉक्टर 'आठवड्यातले पाच दिवस घ्या, दोन दिवस सुट्टी' असे सांगतात. घरात गोळ्या देणारे माणूस बदलले की ही सुट्टी विसरली जाते. मग आजोबांची अन्नावरची वासना जाते, मळमळते, नाडी मंदावते, बोलण्यात गोंधळ होतो, कधी सगळे पिवळसर दिसू लागते. 'वयामुळे होतंय' असे म्हणून घरचे थांबतात. खरे तर ते औषधाचे लक्षण असते.

ओंटारिओमध्ये घडलेले

चांगल्या औषधाचाही घात कसा होतो, याचे एक उदाहरण कॅनडातले आहे. स्पायरोनोलॅक्टोन नावाची एक जुनी गोळी आहे. ती लघवी वाढवते, पण शरीरातले पोटॅशियम मात्र धरून ठेवते. हृदयाची पंप करण्याची ताकद खूप कमी झालेल्या १,६६३ रुग्णांवर या गोळीची चाचणी झाली आणि १९९९ मध्ये तिचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. मृत्यूचे प्रमाण ३० टक्क्यांनी घटले होते. डॉक्टरांना आनंद होणे साहजिक होते. गोळी स्वस्त, जुनी आणि इतकी गुणकारी!

पण त्या चाचणीतल्या रुग्णांचे सरासरी वय ६५ होते. ज्यांची मूत्रपिंडे फारच बिघडलेली होती किंवा रक्तात पोटॅशियम आधीच जास्त होते, अशांना त्यात घेतलेलेच नव्हते. जे घेतले होते त्यांचे रक्त ठरावीक दिवसांनी तपासले जात होते. बाहेरच्या जगात गोळी गेली, पण ही सारी काळजी तिच्याबरोबर गेली नाही.

ओंटारिओ प्रांतातील ६६ वर्षांवरील रुग्णांची माहिती संशोधकांनी २००४ मध्ये प्रसिद्ध केली. नुकतेच हृदयाच्या दुर्बलतेमुळे रुग्णालयात राहून आलेले आणि रक्तदाबाची 'एनालाप्रिल', 'रामिप्रिल' या वर्गातली गोळी घेणारे हे रुग्ण होते. १९९४ मध्ये अशा दर हजार रुग्णांमागे ३४ जणांना स्पायरोनोलॅक्टोन दिले जात होते. २००१ च्या अखेरीस ही संख्या १४९ वर गेली. त्याच काळात पोटॅशियम वाढल्यामुळे रुग्णालयात दाखल होण्याचे प्रमाण हजारी २.४ वरून ११ वर गेले आणि त्याच कारणाने होणाऱ्या मृत्यूंचे प्रमाण हजारी ०.३ वरून २ वर गेले. रक्तात पोटॅशियम फार वाढले की हृदयाचे ठोके बिघडतात आणि हृदय बंदही पडू शकते. बऱ्याचदा आधी काही लक्षणेही दिसत नाहीत.

या गोष्टीचा दुसरा भाग तितकाच महत्त्वाचा आहे. स्कॉटलंडमधील टेसाइड भागातही याच काळात ही गोळी देण्याचे प्रमाण वाढले होते. तिथला अभ्यास २०१० मध्ये प्रसिद्ध झाला. तिथे पोटॅशियमचे संकट वाढले नाही, कारण तिथले डॉक्टर रक्ततपासण्या नेमाने करत होते. गोळी दोन्हीकडे एकच होती. फरक पडला तो लक्ष ठेवण्याने.

ही गोळी आपल्याकडेही पुष्कळांना चालू असते, कधी दुसऱ्या लघवीच्या गोळीबरोबर एकत्र. टेल्मिसार्टन, लोसार्टन या रक्तदाबाच्या गोळ्याही पोटॅशियम वाढवतात. त्यात आपण आजाऱ्याला भेटायला जाताना शहाळे नेतो. शहाळ्याच्या पाण्यात पोटॅशियम भरपूर असते. बाजारात 'कमी सोडियमचे' म्हणून मिळणाऱ्या मिठात सोडियमच्या जागी काही प्रमाणात पोटॅशियमच घातलेले असते. धडधाकट माणसाला हे दोन्ही चांगले. पण ज्यांना या गोळ्या चालू आहेत आणि ज्यांची मूत्रपिंडे थकली आहेत, त्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय यांपैकी काही रोज घेऊ नये.

गुडघ्यांची गोळी आणि हृदय

आपल्या घरांतले सर्वांत निष्काळजीपणे घेतले जाणारे औषध म्हणजे दुखण्याची गोळी. डायक्लोफिनॅक, ॲसिक्लोफिनॅक, आयब्युप्रोफेन, एटोरिकॉक्सिब ही त्यातली नेहमीची नावे. गुडघे धरले की मेडिकलच्या दुकानातून चार गोळ्या आणायच्या आणि आराम पडला की आणखी चार. या गोळ्या शरीरात मीठ आणि पाणी अडवून ठेवतात, रक्तदाब वाढवतात, जठरात रक्तस्राव घडवू शकतात आणि मूत्रपिंडांचा रक्तपुरवठा कमी करतात. हृदय कमजोर असलेल्या माणसाला आठवडाभरात दम लागू लागतो, पाय सुजतात. मग रुग्णालयात जावे लागते. 'पथ्य तर सगळं पाळत होतो' असे घरचे सांगतात. गुडघ्याची गोळी कोणाला औषध वाटतच नाही, म्हणून तिचा उल्लेखही होत नाही.

रक्तदाबाची वर सांगितलेल्या वर्गातली गोळी, लघवीची गोळी आणि त्यावर ही दुखण्याची गोळी, असा तिहेरी मारा झाला की मूत्रपिंडे अचानक बंद पडल्याची उदाहरणे डॉक्टर नेहमी पाहतात. उन्हाळ्यात किंवा जुलाब झालेले असताना हा धोका आणखी वाढतो.

या वर्गातले रोफेकॉक्सिब हे औषध सप्टेंबर २००४ मध्ये त्याच्या कंपनीने जगभरातून मागे घेतले, कारण त्यामुळे हृदयविकाराचे झटके आणि पक्षाघात वाढत असल्याचे दिसले. भारतातही त्याच वर्षी त्यावर बंदी आली. २०१३ मध्ये युरोपच्या औषध नियंत्रकांनी डायक्लोफिनॅकही हृदयविकाराच्या रुग्णांना देऊ नये, असा इशारा दिला. मग गुडघे दुखले तर काय करावे? आधी पॅरासिटामॉल, तेही डॉक्टरांनी सांगितलेल्या मर्यादेत. शेक, वरून लावायचे मलम, मांडीच्या स्नायूंचे व्यायाम, हातात काठी आणि वजन थोडे कमी करणे. गोळीइतका पटकन नाही, पण या उपायांनी आराम पडतो.

एका गोळीवर दुसरी, दुसरीवर तिसरी

पॉला रोशॉन आणि जेरी गुरविट्झ या डॉक्टरांनी १९९० च्या दशकात एका प्रकाराकडे लक्ष वेधले. एका औषधाचा दुष्परिणाम हा नवा आजार समजला जातो आणि त्यासाठी दुसरे औषध सुरू होते. दुसऱ्याच्या दुष्परिणामावर तिसरे. अशी साखळी तयार होते.

एक नेहमीची साखळी पाहू. रक्तदाबासाठी ॲम्लोडिपिन सुरू होते. उत्तम औषध आहे, पण काहींच्या घोट्यांवर त्याने सूज येते. सूज पाहून लघवीची गोळी दिली जाते. खरे तर ही सूज अंगात पाणी वाढल्यामुळे आलेली नसते, त्यामुळे तिने फारसे काही साधत नाही. पण रात्री चार-चार वेळा उठावे लागते, पोटऱ्यांत गोळे येतात, सोडियम-पोटॅशियम घटते. लघवी आवरत नाही म्हणून आणखी एक गोळी येते. तिने तोंड कोरडे पडते, बद्धकोष्ठ होतो आणि विसरायला होते. बद्धकोष्ठावर चूर्ण सुरू होते. आणि एके रात्री अंधारात बाथरूमकडे जाताना आजी पडतात आणि खुब्याचे हाड मोडते. पहिल्याच वेळी 'ही सूज गोळीची तर नाही?' असा प्रश्न कोणी विचारला असता, तर डोस कमी करून किंवा गोळी बदलून काम भागले असते.

दुसरी साखळी चक्करची. उभे राहताना रक्तदाब एकदम उतरतो, म्हणून चक्कर येते. हे रक्तदाबाच्या गोळ्या जरा जास्त झाल्याचे लक्षण असू शकते. त्याऐवजी 'चक्करची गोळी' सुरू होते. सिनारिझिन किंवा प्रोक्लोरपेरॅझिनसारखी ही गोळी चार दिवसांसाठी दिलेली असते, पण ती महिनोन्महिने चालते. पुढे हात कापू लागतात, चाल मंदावते आणि कंपवाताची औषधे सुरू होतात. चक्करची गोळी बंद केल्यावर अशी कंपवातासारखी लक्षणे कमी होऊ शकतात.

झोप, साखर आणि ॲस्पिरिन

आणखी तीन ठिकाणी जपायला हवे. पहिले झोपेच्या गोळ्यांबाबत. अल्प्राझोलाम, क्लोनाझेपाम या गोळ्यांनी म्हातारपणी तोल जातो, पडणे वाढते, स्मरणशक्ती मंदावते. वर्षानुवर्षे घेत असाल तर मात्र एकदम थांबवू नका. त्या आठवड्या-आठवड्याने उतरवत न्याव्या लागतात.

दुसरे साखरेबाबत. ग्लिबेनक्लामाइड, ग्लिमेपिराइड या गोळ्या पोटात अन्न असो वा नसो, साखर उतरवतच राहतात. त्यातही ग्लिबेनक्लामाइडचा अंमल लांबतो. एकादशीचा किंवा श्रावणी सोमवारचा उपवास केला आणि गोळी मात्र नेमाने घेतली, तर दुपारपर्यंत साखर धोक्याइतकी खाली येते. हृदयासाठी 'मेटोप्रोलॉल'सारखी गोळी चालू असेल तर छातीत धडधडण्याचे इशारेही नीट जाणवत नाहीत. साखर अगदी काटेकोर खाली ठेवणे सर्वांना हितकारक असतेच असेही नाही. हृदयविकाराचा धोका असलेल्या दहा हजारांहून अधिक मधुमेहींच्या एका मोठ्या चाचणीत साखर फार खाली नेलेल्या गटात मृत्यू वाढलेले दिसले आणि २००८ मध्ये तो भाग मुदतीपूर्वी थांबवावा लागला. म्हणून थकलेल्या वृद्धांत तीन महिन्यांच्या साखरेचा आकडा ८ च्या आसपास असला तरी डॉक्टर समाधान मानतात.

तिसरे ॲस्पिरिन. ज्यांना हृदयविकाराचा झटका येऊन गेला आहे, स्टेंट बसवला आहे किंवा बायपास झाली आहे, त्यांच्यासाठी ते जीवरक्षक आहे. त्यांनी ते सोडण्याचा विचारही मनात आणू नये. पण कधीही हृदयविकार झालेला नसताना 'खबरदारी म्हणून' पुष्कळ जण ते घेतात. ऑस्ट्रेलिया आणि अमेरिकेतील १९,११४ निरोगी वृद्धांवर झालेल्या चाचणीचे निष्कर्ष २०१८ मध्ये आले. ॲस्पिरिनने धडधाकट आयुष्य वाढले नाही, मोठे रक्तस्राव मात्र वाढले. आपण कोणत्या गटात आहोत, हे प्रत्येकाने आपल्या डॉक्टरांना विचारून घ्यावे.

घरगुती औषधांचीही नोंद ठेवायला हवी. ज्येष्ठमध रोज मोठ्या प्रमाणात घेतल्यास रक्तदाब वाढतो आणि पोटॅशियम घटते. डिगॉक्सिन घेणाऱ्याला हे फार घातक. पोट फुगले म्हणून घेतलेल्या खायच्या सोड्यात सोडियम असते, आणि ते थकलेल्या हृदयावर भार टाकते.

कमी औषधे म्हणजे चांगलेच असे नाही

इतके ऐकून 'म्हातारपणी औषधेच नकोत' असे कोणाला वाटेल. ते तितकेच चूक आहे. ऐंशीच्या पुढच्या माणसांचा रक्तदाब उतरवावा की नाही, याबद्दल पूर्वी डॉक्टरांत मतभेद होते. २००८ मध्ये ऐंशीहून अधिक वयाच्या ३,८४५ जणांवरील चाचणीचे निष्कर्ष आले. बेताने रक्तदाब उतरवल्याने हृदयाची दुर्बलता घटली आणि एकूण मृत्यूही कमी झाले. नाडी अनियमित असलेल्या पंचाहत्तरीपुढच्या ९७३ रुग्णांवरच्या २००७ मधील ब्रिटिश अभ्यासात वॉर्फरिनने ॲस्पिरिनपेक्षा पक्षाघात निश्चित कमी झाले आणि मोठे रक्तस्रावही वाढले नाहीत. 'पडतील, रक्त जाईल' या भीतीने अशांना औषध न देणे हाही अन्यायच. म्हणून गोळ्या मोजून भागत नाही. प्रत्येक गोळी कशासाठी आहे, हे तपासावे लागते. दहा गोळ्याही योग्य असू शकतात आणि तीन गोळ्यांतली एक घातक असू शकते.

हे आपल्याकडे का घडते?

२०११ च्या जनगणनेत देशात साठीपुढची माणसे दहा कोटींहून अधिक होती. तेव्हापासून ही संख्या वाढतेच आहे. दुसरीकडे, घरातल्या तिन्ही पिढ्यांना ओळखणारा फॅमिली डॉक्टर शहरांतून हरवत चालला आहे. प्रत्येक अवयवाला वेगळा तज्ज्ञ आणि प्रत्येकाची वेगळी फाइल. दुसऱ्या डॉक्टरांची गोळी बंद करणे कोणालाच आपले काम वाटत नाही. सुरू करायला सगळे आहेत, थांबवायला कोणी नाही.

नावांचा घोळ वेगळाच. एकच औषध शेकडो नावांनी विकले जाते आणि एका गोळीत दोन-तीन औषधे एकत्र असतात. त्यामुळे दोन वेगळ्या नावांच्या गोळ्यांतून एकच टेल्मिसार्टन दुप्पट पोटात जाते आणि कोणाच्या लक्षातही येत नाही. रुग्णालयातून घरी सोडताना नवी चिठ्ठी मिळते, पण जुन्यातले काय बंद करायचे, हे तिच्यावर स्पष्ट लिहिलेले नसते. मग जुन्या आणि नव्या दोन्ही गोळ्या चालू राहतात. आणि जुनी चिठ्ठी दाखवली की वर्षानुवर्षे तीच औषधे दुकानातून मिळत राहतात.

आपल्याला काय करता येईल?

वर्षातून निदान दोनदा आणि रुग्णालयातून घरी आल्यावर प्रत्येक वेळी, घरातली सगळी औषधे एका पिशवीत घालून एकाच डॉक्टरांकडे न्यावीत. सगळी म्हणजे मलमे, डोळ्यांतले थेंब, चूर्णे, सर्दीच्या आणि दुखण्याच्या गोळ्यासुद्धा. सोबत एका कागदावर यादी करावी. औषधाचे नाव, कोणी दिले, कशासाठी, केव्हापासून. नाव लिहिताना कंपनीने दिलेल्या नावाबरोबर पट्टीवर बारीक अक्षरात छापलेले मूळ औषधाचे नावही उतरवून घ्यावे.

डॉक्टरांना पाच प्रश्न विचारावेत. ही गोळी अजून लागते का? माझ्या वयाला आणि मूत्रपिंडांना हा डोस बरोबर आहे का? मला जे नवीन त्रास होत आहेत, ते एखाद्या गोळीचे तर नाहीत ना? एकच औषध दोन नावांनी पोटात जात नाही ना? कोणती रक्ततपासणी किती दिवसांनी करायची? रक्तदाब बसून मोजल्यावर उभे राहूनही मोजायला सांगावे. तीन मिनिटांत वरचा आकडा वीस किंवा त्याहून जास्त उतरला, तर गोळ्यांचा फेरविचार करावा लागतो. एखादी गोळी थांबवायची ठरली तर एका वेळी एकच थांबवावी, म्हणजे काय बदलले ते कळते.

असे विचारले तर डॉक्टर रागावतील, ही भीती पुष्कळांना असते. तसे होण्याचे कारण नाही. कॅनडातील क्विबेक प्रांतात ६५ वर्षांवरील, वर्षानुवर्षे झोपेच्या गोळ्या घेणाऱ्या सुमारे तीनशे जणांचा अभ्यास २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला. काही जणांना फक्त एक साध्या भाषेतली माहितीपुस्तिका दिली. त्या गोळ्यांचे धोके, दुसरे उपाय आणि हळूहळू कशा उतरवायच्या, एवढेच त्यात होते. सहा महिन्यांत त्यांच्यातील २७ टक्के लोकांच्या गोळ्या पूर्ण बंद झाल्या. ज्यांना पुस्तिका दिली नव्हती, त्यांच्यात हे प्रमाण ५ टक्के होते. रुग्णाने विषय काढला की डॉक्टरही विचार करतात, हे यावरून दिसते.

औषधाचा दुष्परिणाम झाल्याचा संशय आला तर त्याची नोंदही करता येते. भारत सरकारने २०१० मध्ये यासाठी औषध-दक्षता कार्यक्रम सुरू केला. अनेक वैद्यकीय महाविद्यालयांत त्याची केंद्रे आहेत आणि सामान्य नागरिकही त्यांना कळवू शकतात. आपल्या एका नोंदीने दुसऱ्या कोणाची तरी इजा टळते.

शेवटी मुला-सुनांना आणि लेकी-जावयांना एक विनंती. आई-वडिलांची औषधे आणून देणे हे अर्धे काम झाले. त्यांना अलीकडे चक्कर येते का, भूक मंदावली आहे का, बोलण्यात गोंधळ होतो का, ती पडली आहेत का, हे विचारणे उरलेले अर्धे काम आहे. यांतले काही नव्याने सुरू झाले असेल, तर 'वय झाले' म्हणून सोडून देऊ नका. गेल्या दोन-तीन महिन्यांत कोणती गोळी सुरू झाली किंवा कोणाचा डोस वाढला, ते आधी पाहा आणि डॉक्टरांच्या कानावर घाला. या एका चौकशीने एखादे खुब्याचे हाड वाचते, एखाद्याची मूत्रपिंडे वाचतात, आणि कधी कधी माणूसही वाचतो.